नक्कल करायलाही अक्कल लागते!

‘कॉपी’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? परीक्षेचा हॉल, बाहीत दडवलेली चिठ्ठी, मागून येणारा सुपरवायझरच्या बुटांचा आवाज आणि पोटात आलेला गोळा. नाहीतर सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या जर्नलवरून धडाधड उतरवलेली प्रॅक्टिकल्स. कॉपी म्हणजे चोरी किंवा आळस, असं आपण गृहीतच धरलेलं असतं.

पण एक क्षेत्र असं आहे, जिथं कॉपी भरदिवसा, सगळ्यांसमोर आणि रीतसर रजिस्टरमध्ये नाव नोंदवून केली जाते. ते क्षेत्र म्हणजे चित्रकला. अशीच कॉपी करत शिकलेला एक तरुण पुढं आपल्या काळातला सगळ्यात जास्त मागणी असलेला व्यक्तिचित्रकार झाला. पॅरिस, लंडन, बोस्टन, न्यूयॉर्क इथली बडी माणसं त्याच्याकडून आपलं चित्र काढून घ्यायला धडपडायची. त्याचं नाव जॉन सिंगर सार्जंट. तो जाऊन शंभर वर्षं झाली. पण तुम्हाला काहीही नव्यानं शिकायचं असेल, मग ते गिटार असो, कोडिंग असो की तैलचित्र, तर त्याच्या तरुणपणातली काही वर्षं जवळून पाहण्यासारखी आहेत.

ना एक गाव, ना एक शाळा

सार्जंटचा जन्म १२ जानेवारी १८५६ चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. आईवडील मात्र अमेरिकन. वडील फिलाडेल्फियामध्ये सर्जन होते. पहिलं मूल गेलं, आईची तब्येत ढासळली आणि १८५४ मध्ये हे जोडपं हवापालटासाठी म्हणून युरोपात आलं. ते परत जाऊन कधी स्थिरावलंच नाही. उन्हाळा आला की डोंगरात, हिवाळा आला की उबदार गावात, असं हे कुटुंब वर्षानुवर्षं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडत राहिलं.

साहजिकच जॉनची शाळा अशी धड झालीच नाही. त्याऐवजी त्याला चार भाषा आल्या, पियानो आला आणि चित्रं बघायची सवय लागली. आई स्वतः हौसेनं जलरंगात काम करायची. मुलाच्या हातातही स्केचबुक असायचंच. मुलानं नौदलात जावं असं वडिलांच्या मनात होतं, पण मुलाचा ओढा कुठं आहे हे घरात सगळ्यांनाच दिसत होतं. शेवटी वडीलच त्याला घेऊन पॅरिसला आले. साल होतं १८७४ आणि जॉन होता अठरा वर्षांचा. म्हणजे तुमच्यातल्या एफवाय-एसवायवाल्यांच्याच वयाचा.

थेट ब्रश उचलायला लावणारा गुरू

पॅरिसमध्ये त्यानं निवडला कारोल्यूस-द्युरां या चित्रकाराचा स्टुडिओ. हा त्या वेळचा फॅशनेबल व्यक्तिचित्रकार. शिकवण्याची त्याची तऱ्हा मात्र जुन्या वळणाच्या शिक्षकांना झोंबणारी होती. त्या काळात चित्रकला शिकायची म्हणजे आधी वर्षानुवर्षं पेन्सिल आणि कोळशानं रेखाटन घोटायचं आणि मग कुठं रंगाला हात लावायचा, असा रिवाज. कारोल्यूस-द्युरां मात्र विद्यार्थ्यांना कोळशाच्या चार रेषा मारायला लावून लगेच ब्रश उचलायला सांगायचा.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं. चेहऱ्याला रेषा नसते. चेहरा म्हणजे उजेड आणि सावली यांचे लहानमोठे तुकडे. गालावर उजेड पडतो तिथं एक छटा, नाकाच्या बाजूला दुसरी, हनुवटीखाली तिसरी. त्या छटा नीट ओळखा, पॅलेटवर तशाच मिसळा आणि योग्य जागी ठेवून द्या. उगाच घोटत, पुसत, गुळगुळीत करत बसू नका. आणि सुरुवात करायची ती मधल्या छटांपासून. सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ या दोन्ही टोकांकडं नंतर वळायचं.

हे सगळं तो शिकला होता दोनशे वर्षांपूर्वीच्या एका स्पॅनिश चित्रकाराकडून. दिएगो वेलास्केझ त्याचं नाव. कारोल्यूस-द्युरां तरुणपणी स्पेनला जाऊन त्याची चित्रं अभ्यासून आला होता आणि आता विद्यार्थ्यांपुढं ऊठसूट त्याच्याच नावाचा जप करत असे.

सार्जंट झपाट्यानं पुढं गेला. १८७७ मध्ये त्याचं पहिलं व्यक्तिचित्र ‘सलाँ’मध्ये लागलं. सलाँ म्हणजे पॅरिसचं वार्षिक प्रदर्शन. चित्रकाराचं नशीब तिथं ठरायचं. दोन वर्षांनी, १८७९ च्या सलाँमध्ये त्यानं आपल्या गुरूचंच व्यक्तिचित्र लावलं. त्याचा परीक्षकांनी खास उल्लेख करून गौरव केला. चित्रकार तेव्हा होता तेवीस वर्षांचा. नाव झालं, कामं येऊ लागली.

इथं जरा थांबा आणि त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तेविसाव्या वर्षी राजधानीत कौतुक होतंय, गिऱ्हाइकं दारात येताहेत. आता परत विद्यार्थी व्हायची गरज काय? आपल्यापैकी बहुतेकांनी आहे त्याच शैलीत दणादण चित्रं काढली असती. सार्जंटनं त्याच वर्षी, ऐन शरद ऋतूत, स्पेनची वाट धरली.

प्रादोतली नोंद

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात जाऊन त्यानं नकलाकार म्हणून नाव नोंदवलं. मग ईझल लावलं आणि वेलास्केझची चित्रं एकामागून एक उतरवायला घेतली. कधी अख्खं चित्र, कधी त्यातलं फक्त एखादं डोकं. त्यातलं सगळ्यात मोठं आव्हान होतं ‘लास मेनिनास’.

१६५६ मधलं हे चित्र नेटवर शोधून समोर ठेवा. राजवाड्यातली एक मोठी, अंधारी खोली. मध्यभागी पाच वर्षांची राजकन्या, शेजारी दासी, एक पेंगुळलेला कुत्रा. डावीकडं प्रचंड कॅनव्हाससमोर स्वतः वेलास्केझ, हातात पॅलेट घेतलेला. मागच्या भिंतीवरच्या आरशात राजा आणि राणी. आणि गंमत म्हणजे चित्राचा वरचा जवळजवळ अर्धा भाग नुसताच अंधार. तिथं काहीच घडत नाही. पण तो अंधार झाकून बघा, खालची माणसं लगेच गर्दी करून उभी राहिल्यासारखी वाटायला लागतात. त्या अंधारामुळंच खोलीत हवा खेळते.

मूळ चित्र ३१८ सेंटिमीटर उंच आणि २७६ सेंटिमीटर रुंद. म्हणजे साधारण साडेदहा फूट बाय नऊ फूट. सार्जंटची नक्कल सुमारे ११४ बाय १०० सेंटिमीटरची, उंचीला मूळच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त. आता विचार करा, एवढं मोठं चित्र एवढ्या छोट्या कॅनव्हासवर आणायचं म्हटलं की प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी येणारच नाही. काय ठेवायचं, काय सोडायचं हे दर क्षणी ठरवावं लागतं. आणि ते ठरवायचं तर आधी मूळ चित्रकारानं काय ठरवलं होतं हे ओळखावं लागतं. नकलेतला खरा अभ्यास तो हाच.

वेलास्केझच्या चित्राजवळ गेलं की राजकन्येची बाही, तिच्या झग्यावरची नक्षी हे सगळं विरघळतं. समोर राहतात फक्त राखाडी, गुलाबी, काळ्या रंगाचे फटकारे. चार पावलं मागं या, ते फटकारे परत रेशीम होतात. आता नक्कल करणाऱ्यापुढं दोन रस्ते असतात. एक म्हणजे फटकारे मोजून तसेच मारायचे. असं केलं की हाती येतो तो ढिगारा. दुसरा रस्ता म्हणजे प्रत्येक फटकाऱ्याला विचारायचं की बाबा, तू इथं का आहेस? तुझ्या शेजारची छटा तुझ्याहून किती गडद आहे? तू जाड का आणि तो पातळ का? उत्तर सापडलं की तो फटकारा तुमचा होतो. पुढं तुमच्यासमोर राजकन्या नसून शेजारच्या काकू बसल्या तरी तो उपयोगी पडतो.

आपल्याकडं गाणं शिकणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. शिष्य सुरुवातीची कित्येक वर्षं गुरूच्या गळ्यातली जागा आपल्या गळ्यात उतरवण्यात घालवतो. ती हुबेहूब आली म्हणजे तो गवई झाला असं कुणी म्हणत नाही. पण ती आल्याशिवाय स्वतःची जागा सापडणार नाही, हे सगळ्यांना माहीत असतं.

नकलांची साखळी

ही परंपरा सार्जंटच्या आधीपासूनची आहे. १६२८ मध्ये रुबेन्स हा चित्रकार राजनैतिक कामासाठी माद्रिदला आला होता. वय पन्नाशीच्या पुढं आणि कीर्ती सगळ्या युरोपभर. तरी वेळ काढून तो राजाच्या संग्रहातली तिशियनची चित्रं उतरवत बसला. त्या वेळी दरबारात एकोणतीस वर्षांचा एक चित्रकार होता, वेलास्केझ. पुढच्याच वर्षी तो स्वतः इटलीला रवाना झाला, जुन्या गुरूंची चित्रं बघायला.

तिशियनचं ‘आदम आणि ईव्ह’ आणि रुबेन्सनं केलेली त्याची नक्कल, ही दोन्ही चित्रं आज प्रादोतच आहेत. शेजारी ठेवून बघितली तर एक मजा दिसते. रुबेन्सनं आदमला पुढं झुकवलंय आणि झाडावर एक पोपट आणून बसवलाय. मूळ चित्रात पोपट नाही! पन्नाशीतला तो विद्यार्थी गुरूशी चक्क वाद घालत होता.

मग नक्कल आणि चोरी यांत फरक कुठं पडतो? उत्तर सोपं आहे. ही नक्कल आहे हे तुम्ही लपवता की सांगता, यात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही नकलाकारांना परवाना मिळतो, पण नक्कल मूळ चित्राच्या मापाची करता येत नाही. ती लहान हवी किंवा मोठी. उद्या कुणी तिला अस्सल म्हणून खपवू नये, यासाठी ही काळजी.

माद्रिदहून सार्जंट पुढं दक्षिण स्पेनमध्ये आणि मोरोक्कोत हिंडला. १८८० मध्ये तो हॉलंडमधल्या हार्लेम गावी गेला आणि परत नकलाकार झाला. या वेळी गुरू होता फ्रान्स हाल्स. हाल्सनं ऐंशीच्या घरात असताना, १६६४ मध्ये, वृद्धाश्रमाचा कारभार पाहणाऱ्या बायकांचं एक समूहचित्र काढलं होतं. काळे कपडे, पांढऱ्या कॉलरी आणि थकलेले, कडक चेहरे. काळ्यात किती प्रकारचे काळे असतात आणि चार फटकाऱ्यांत हात कसा उभा राहतो, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही. सार्जंटनं त्यातले चेहरे उतरवले. पुढं कुणी शिकायला आलं की तो सांगायचा, आधी हाल्सकडं जा, त्याच्याकडून घेता येईल तेवढं सगळं घ्या आणि मगच माद्रिदला जाऊन वेलास्केझपुढं बसा.

मग स्वतःचं काय?

तुमच्या मनात आता एक शंका आली असेल. इतक्या नकला केल्या की माणूस नक्कलच करत राहणार नाही का? याचं उत्तर १८८२ मध्ये मिळालं.

एडवर्ड डार्ली बॉइट हे पॅरिसमध्ये राहणारे अमेरिकन गृहस्थ. स्वतःही चित्रकार. त्यांच्या चार मुलींचं चित्र सार्जंटनं काढायला घेतलं. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणं चौघींनी छानसे कपडे घालून, एकमेकींना बिलगून, गोड हसत बसायला हवं होतं. सार्जंटनं सात फुटांहून मोठा, जवळजवळ चौरस कॅनव्हास घेतला आणि मुलींना विखरून टाकलं. सगळ्यात धाकटी बाहुली घेऊन गालिच्यावर बसलीय. एक डावीकडं, हात पाठीमागं बांधून एकटीच उभी. मोठ्या दोघी मागं, अंधाराच्या तोंडाशी. त्यातली थोरली तर एका प्रचंड जपानी फुलदाणीला टेकून अशी उभी आहे, की तिचा चेहराही धड दिसत नाही. ही फुलदाणी माणसाएवढी उंच. आणि मध्ये, मागं, सगळीकडं अंधारी मोकळी जागा.

तो अंधार कुठून आला हे तुम्ही ओळखलंच असेल. पण इथं तो राजवाड्याचा अंधार राहिलेला नाही. धाकटी उजेडात आहे आणि जसजशा मुली मोठ्या होतात तसतशा त्या मागं, सावलीत सरकत जातात. बालपण कसं हळूहळू संपतं, याचं चित्र म्हणून लोक आज त्याच्यासमोर थांबतात. तेव्हाच्या टीकाकारांना मात्र त्यात चार कोपरे आणि मधली पोकळी याखेरीज काही दिसलं नव्हतं. वेलास्केझचं व्याकरण आणि सार्जंटचं वाक्य, असं हे चित्र आहे.

पण नकलांनी हात तयार झाला म्हणजे आयुष्य सुरक्षित झालं, असं समजू नका. १८८४ च्या सलाँमध्ये त्यानं मादाम गोत्रो या पॅरिसमधल्या प्रसिद्ध सुंदरीचं चित्र लावलं. काळा झगा, फिकट जांभळट झाक असलेली पांढरी त्वचा, बाजूला वळवलेला तोऱ्यातला चेहरा आणि खांद्यावरून घसरलेला झग्याचा पट्टा. त्या पट्ट्यावरून आणि एकूणच चित्राच्या धिटाईवरून असा गहजब झाला की बाईंचे घरचे हादरले. सार्जंटनं नंतर पट्टा पुन्हा खांद्यावर रंगवला, पण पॅरिसमधली कामं आटली. ज्या शहरानं डोक्यावर घेतलं त्याच शहरातून तो १८८६ मध्ये लंडनला निघून गेला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. ते चित्र त्यानं टाकून दिलं नाही. तीसेक वर्षं स्वतःजवळ ठेवलं आणि १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकलं. आज ते ‘मादाम एक्स’ या नावानं ओळखलं जातं.

सोपं दिसतं, पण…

लंडनमध्ये हळूहळू त्याचा जम बसला आणि मग मागणीला अंतच राहिला नाही. त्याची चित्रं बघितली की वाटतं, या माणसानं शीळ घालत, दोन तासांत हे उरकलं असावं. प्रत्यक्षात तो कॅनव्हास बसलेल्या माणसाच्या शेजारी ठेवायचा, लांबवर मागं जाऊन दोन्हीकडं एकदम बघायचा, मग तरातरा पुढं येऊन एक फटकारा मारायचा आणि परत मागं. डोक्याची घडण चुकली असं वाटलं की डागडुजी न करता सगळं खरवडून काढायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. चित्र जिथून बघितलं जाणार तिथूनच ते रंगवायचं, हा प्रादोतला धडा तो कधी विसरला नाही.

१९०७ च्या सुमारास त्यानं व्यक्तिचित्रांची कामं घेणं जवळपास थांबवलं. श्रीमंतांचे चेहरे रंगवून तो कंटाळला होता. मग जलरंग, भित्तिचित्रं आणि पहिल्या महायुद्धात तर थेट आघाडी. विषारी वायूनं डोळे गेलेले, पट्ट्या बांधलेले सैनिक एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेनं चाललेत, असं त्याचं सहा मीटर लांबीचं चित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. एप्रिल १९२५ मध्ये तो गेला. मागं सुमारे ९०० तैलचित्रं आणि २००० हून जास्त जलरंग ठेवून. त्याच्या स्टुडिओत शेवटपर्यंत जपून ठेवलेल्या चित्रांमध्ये तरुणपणी केलेल्या वेलास्केझच्या नकलाही होत्या.

तुम्हीही बसा की!

प्रादोला जायला पैसे नसले तरी हा धडा घरी गिरवता येतो. एखादं वास्तववादी व्यक्तिचित्र निवडा, शक्यतो उजेड एकाच बाजूनं आलेलं. चांगली मोठी प्रिंट काढा. सगळं चित्र नको, फक्त डोकं घ्या. डोळे किलकिले करून बघा. तपशील जातील आणि उजेड-सावलीचे चार-पाच मोठे तुकडे उरतील. तेच आधी कॅनव्हासवर मांडा. पांढरा, काळा, पिवळी माती आणि एक लाल, एवढे रंग सुरुवातीला पुरे. मधल्या छटा आधी, गडद नंतर आणि डोळ्यातला किंवा नाकाच्या शेंड्यावरचा तो चमकता ठिपका सगळ्यात शेवटी. दर दहा मिनिटांनी उठून मागं जा. चुकलं तर चाकूनं खरवडा. तैलरंग लवकर सुकत नाही, हा त्याचा मोठेपणा. तो तुम्हाला चूक सुधारायला वेळ देतो.

झाल्यावर मागच्या बाजूला मूळ चित्रकाराचं नाव लिहा, खाली ‘वरून’ असं लिहा आणि मग तुमचं. त्यानंतर लगेच, रंग ओला असतानाच, आजीला किंवा रूममेटला समोर बसवा आणि तीच छटा, तोच फटकारा त्यांच्या चेहऱ्यात सापडतो का बघा. नक्कल कितपत जमली, याची परीक्षा तिथं होते.

आणि एक शेवटचं. २०१० मध्ये बोस्टनच्या संग्रहालयातून बॉइट मुलींचं ते चित्र काही महिन्यांसाठी माद्रिदला नेण्यात आलं. प्रादोनं ते पाहुणं म्हणून बोलावलं होतं आणि ते टांगलं गेलं थेट ‘लास मेनिनास’च्या शेजारी. त्याच संग्रहालयात १८७९ मध्ये एक तेवीस वर्षांचा मुलगा नकलाकार म्हणून नाव नोंदवून गेला होता. या वेळी त्याला कुठंही नाव नोंदवावं लागलं नाही.